खाण्याचें अंडें

आमच्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं कोंबड्या आहेत; बदकें मात्र क्वचितच आढळतात. आम्हीं कांहीं वर्षांपासून खाकी कॅम्पबेल जातीचीं बदकें पाळलीं असून त्यांचीं अंडीं शेजारीपाजारीं विकतों. या लहानशा व्यवहारांतून एक प्रश्न उद्भवला. तो विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं विचारांत घेण्याजोगा आहे, म्हणून येथें मांडितों.

जातिवंत बदकाच्या अंड्यास दोन भाव मिळतात. उबविण्यासाठीं घेणारा अधिक दाम देतो, खाण्यासाठीं घेणारा कमी. एके पावसाळ्यांत एका शेजारणीनें खाण्याचीं म्हणून आमच्याकडून सहा अंडीं नेलीं आणि खुडूक कोंबडीखालीं ठेविलीं. २८ दिवसांनीं तिच्या अंगणांत चार पिल्लें फिरूं लागलीं. आम्हांस प्रथम रागच आला. एक स्नेही म्हणाले, "यापुढें जातिवंत अंडें खाण्यासाठीं विकूंच नका." विचारांतीं हा सल्ला आम्हांस अयोग्य वाटला.

पहिली गोष्ट अशी कीं, प्रत्येक अंडें उबविण्याजोगें नसतेंच. फार लहान किंवा वेड्यावांकड्या आकाराचें अंडें बाजूस काढावें लागतें. आठवड्याहून जुन्या अंड्याची उबण्याची शक्ति कमी होत जाते. उत्तम निगा राखल्यास या जातीची एक मादी वर्षाकांठीं ३०० च्या आसपास अंडीं देते. इतकीं पिल्लें घेणार कोण? उरलेलीं अंडीं भावाच्या आशेनें ठेवून देणें म्हणजे अन्न नासविणें होय.

दुसरी गोष्ट जातीच्या अभिमानाची. विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांत श्रीमती अ‍ॅडेल कॅम्पबेल यांनीं ही जात निर्माण केली, ती भरपूर अंडीं देणाऱ्या रनर बदकाचा रूआं नांवाच्या मोठ्या बदकाशीं संकर करून. जिचा जन्मच मिश्रणांतून झाला, तिचें एखादें पिल्लूं गरीबाच्या अंगणांत गेल्यानें असें काय बुडालें?

ज्यास हें मुळींच नको असेल, त्यास सोपा उपाय आहे. खाण्याच्या अंड्यांसाठीं नराशिवाय माद्या ठेवाव्या. नर नसला तरी त्या अंडीं तशींच देतात. मात्र त्यांतून पिल्लूं निघत नाहीं. खरी लबाडी निराळीच आहे: जुनें अंडें उबविण्याचें म्हणून अधिक भावानें विकणें, किंवा शिळें अंडें ताजें म्हणून देणें. त्या लबाडीचा राग धरावा. बदकाचें अंडें घेणाऱ्यास तें पूर्ण शिजवून खावें, इतकें सांगणेंही विकणाऱ्याचें कर्तव्य आहे.

आतां पालकांस एक विनंती. २०१६ सालीं शासनानें अब्दुल कलाम अमृत आहार योजनेंत आदिवासी भागांतील सहा वर्षांपर्यंतच्या बालकांस अंडीं किंवा केळीं देण्यास आरंभ केला. आपल्या पेठ तालुक्यासारख्या डोंगराळ मुलुखांत त्याचें मोल आम्हीं सांगावयास नको. परंतु मूल अंगणवाडींतून बाहेर पडून शाळेंत आलें म्हणून त्याच्या शरीराची गरज संपत नाहीं. बाजाराच्या दिवशीं घरचीं सगळीं अंडीं टोपलींत जातात आणि ज्या मुलानें सकाळीं खुराडें झाडलें, तें कोरडी भाकर खाऊन शाळेस येतें, हें आम्हीं पाहिलें आहे. मीठमिरचीस पैसा लागतो, हें आम्ही जाणतों. तरी टोपली भरण्यापूर्वीं मुलाच्या वांट्याचें अंडें बाजूस काढावें.

त्या चार पिल्लांपैकीं दोन माद्या निघाल्या. त्या आतां अंडीं देतात, आणि शेजारणीचा मुलगा, आमचाच विद्यार्थी, आठवड्यांतून दोनतीनदां अंडें खाऊन वर्गांत येतो. सहा अंड्यांच्या भावांत जो फरक पडला, तो आम्हीं केव्हांच सोडून दिला आहे.