पाणथळ कोणाची?

‘माणसाला दूर ठेवा, म्हणजे निसर्ग आपोआप सावरेल,’ हा आपल्याकडील पर्यावरणप्रेमाचा लाडका सिद्धान्त आहे. ऐकावयास तो गोड वाटतो. अनुभवाच्या कसोटीला मात्र उतरत नाही.

भरतपूरचे केवलादेव पाहा. १९८२ साली तेथे पिढ्यान्‌पिढ्या म्हशी चारणाऱ्या गावकऱ्यांना मज्जाव करण्यात आला. विरोध झाला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. एवढे करून साधले काय? चरणारी जनावरे गेली आणि गवत माजले. उथळ पाणी त्याने गिळले, पाणपक्ष्यांना चरावयास जागा उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून हेच पुढे आले. १९९० साली रामसर कराराच्या धोक्यातील स्थळांच्या यादीत केवलादेवचे नाव गेले, त्याच्या कारणांत पाणीटंचाईबरोबर चराईचा बिघडलेला तोलही होता. पुढे तेथे फोफावलेली विलायती बाभूळ उपटावयास अखेर आसपासचे गावकरीच लागले.

याउलट चिलिका सरोवराकाठचे मंगलाजोडी. पक्ष्यांच्या शिकारीसाठी एके काळी बदनाम असलेले हे गाव. तेथील शिकाऱ्यांना हाकलले नाही, विश्वासात घेतले. आज त्यांच्यातलेच लोक पहारा करतात, होडी वल्हवीत पाहुण्यांना पक्षी दाखवतात आणि त्यावर घर चालवतात.

कोणी म्हणेल, सर्वांना मोकळीक दिली तर ओरबाडणूक होईल. नियम हवेतच, ते कोणी करावयाचे, हा खरा प्रश्न आहे. १९७१ चा रामसर करारही वापर बंद करा असे सांगत नाही, सुज्ञपणे वापरा असे सांगतो. हा सुज्ञपणा केवळ कचेरीत असतो आणि काठावर नसतो, असे कोणी ठरविले?

आता आपल्या दाराशी पाहू. ठाण्याच्या खाडीला २०२२ साली रामसर दर्जा मिळाला. तिकीट काढून रोहित पक्षी पाहणारा पाहुणा आपल्याला निसर्गप्रेमी वाटतो; त्याच खाडीत जाळे टाकणारा कोळी मात्र अडचण वाटतो. काठावरच्या झोपडवस्तीतील मुलाला तर त्या होडीचे तिकीटही परवडत नाही. भराव आणि सांडपाणी यांनी खाडी मारली जात असताना ज्याच्या चुलीवर पहिला घाव पडतो, त्याला तिच्या कारभारात मत नसावे, हा कोणता न्याय?

म्हणून मागणी स्पष्ट असावी. पाणथळीच्या व्यवस्थापनात मच्छीमारांना सल्ल्यापुरते नव्हे, निर्णयाचे स्थान द्या. आणि काठावरच्या मुलांना तेथे विनामूल्य प्रवेश द्या. जे पाणी आपले वाटत नाही, त्याची राखण कोणीही मनापासून करीत नाही.