पावतीवरची ती ओळ पुसा

खासगी महाविद्यालयाची प्रवेशपावती किंवा माहितीपुस्तिका तळापर्यंत वाचली, की बारीक अक्षरांतली एक ओळ अनेकदा सापडते : 'एकदा भरलेले शुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.' ही ओळ इतकी वर्षे छापली गेली आहे की पालकांना ती कायदाच वाटू लागली आहे. मुलीला पुढच्या फेरीत घराजवळच्या सरकारी महाविद्यालयात जागा मिळते, घरात पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी तिचे वडील आधीच्या महाविद्यालयाच्या लेखा विभागाच्या खिडकीपाशी उभे राहतात. ते हक्क सांगत नाहीत, विनवणी करतात : 'साहेब, निम्मे तरी द्या.' सोसायटीतून कर्ज काढून भरलेल्या स्वतःच्याच पैशांसाठी माणसाला असे हात जोडावे लागतात, ते या एका ओळीमुळे.

ती ओळ कायद्यात बसत नाही आणि न्यायातही बसत नाही. तिच्या बाजूने जे जे सांगितले जाते, ते एकेक तपासून पाहू.

त्याआधी नियम काय आहे, ते स्पष्ट असावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००७ सालीच जाहीर सूचना काढली होती. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्याने प्रवेश सोडला, तर प्रक्रियेपोटी जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकी सगळी रक्कम परत करावी, असे त्या सूचनेत होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये आयोगाने टप्पेच ठरवून दिले. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा किंवा अधिक दिवस आधी प्रवेश सोडला तर शंभर टक्के, त्यानंतर पण अंतिम तारखेपूर्वी सोडला तर नव्वद टक्के, तारीख उलटून पंधरा दिवसांच्या आत ऐंशी टक्के, तीस दिवसांच्या आत पन्नास टक्के आणि त्यापुढे काही नाही. पूर्ण परताव्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून पाच टक्के, पण पाच हजारांहून अधिक नाही, एवढेच कापता येते.

आता हिशेब मांडा. वर्षाचे शुल्क एक लाख वीस हजार भरले आहे. मुदतीच्या वीस दिवस आधी प्रवेश सोडणाऱ्याला एक लाख पंधरा हजार मिळाले पाहिजेत. मुदतीनंतर दहा दिवसांनी सोडणाऱ्याला शहाण्णव हजार, वीस दिवसांनी सोडणाऱ्याला साठ हजार. अनामत रक्कम या हिशेबात धरलेलीच नाही, ती मुळातच विद्यार्थ्याची. लेखी अर्ज दिल्यापासून पंधरा दिवसांत हे पैसे हातात पडायला हवेत. २०२४-२५ या वर्षासाठी तर आयोगाने ३० सप्टेंबरपर्यंत संपूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फक्त एक हजार रुपये कापून परतावा द्यायला सांगितले होते. 'कोणत्याही कारणास्तव नाही' हे शब्द यातल्या कोणत्या टप्प्यात बसतात?

पहिला आक्षेप संस्थाचालकांचा. ते म्हणतात, 'विद्यार्थी जागा अडवतो, ऐन वेळी सोडतो, जागा रिकामी राहते. चार वर्षांचे नुकसान आम्ही का सोसावे?' या म्हणण्यात एक खरी चिंता आहे. ती मी नाकारत नाही. पण मुलगा जागा 'अडवतो' का, हे पाहिले पाहिजे. आयआयटी-एनआयटीच्या जागावाटपाचे वेळापत्रक एक, राज्याच्या सीईटी कक्षाच्या कॅप फेऱ्यांचे दुसरे, वैद्यकीयच्या फेऱ्या तर कधी कधी दिवाळीपर्यंत लांबतात आणि अभिमत विद्यापीठांच्या तारखा आणखी निराळ्या. एका यादीत नाव लागेल की नाही हे कळण्याआधीच दुसरीकडे पैसे भरण्याची मुदत संपते. वर्ष वाया जाऊ नये म्हणून बाप हाताशी असलेली जागा पक्की करतो. याला चंचलपणा म्हणता येत नाही. चार यंत्रणांनी आपापली घड्याळे जुळवली नाहीत, त्याचा दंड सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडून वसूल होतो आहे.

शिवाय रिकामी झालेली जागा दर वेळी रिकामी राहत नाही. प्रतीक्षायादीतला पुढचा विद्यार्थी येतो, तोही पूर्ण शुल्क भरतो आणि एका बाकाचे पैसे दोनदा जमा होतात. याला नुकसान म्हणत नाहीत, दुहेरी वसुली म्हणतात. २००७ च्या सूचनेतच म्हटले होते की सोडलेली जागा अंतिम तारखेपर्यंत भरली गेली, तर जितके महिने विद्यार्थी शिकला त्या प्रमाणातच रक्कम कापावी. खरेच जागा रिकामी राहिली, तर त्याचाही विचार न्यायालयाने केलेला आहे. २००३ सालच्या इस्लामिक अकॅडमी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संस्थेने एका वेळी एका सत्राचे किंवा एका वर्षाचेच शुल्क घ्यावे. विद्यार्थी मध्येच जाईल अशी भीती असेल, तर फार तर बंधपत्र किंवा बँक हमी घ्यावी. संस्थेच्या चिंतेवर उपाय आहे, पण सगळे पैसे गिळून बसण्याची मुभा त्या उपायात नाही.

दुसरा आक्षेप करारनाम्याचा. 'पालकांनी सही केली आहे. अटी मान्य होत्या म्हणूनच केली ना?' सही केली हे खरे. पण ती कधी केली? संध्याकाळी पाचला फेरीची मुदत संपते, रांगेत पुढे चाळीस जण आहेत, डीडी हातात आहे आणि छापील अर्जातला एकही शब्द बदलण्याचा अधिकार पालकाला नाही. अशी सही संमतीची नसते, नाइलाजाची असते. १९८६ साली ब्रजोनाथ गांगुली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा मांडला. प्रकरण नोकरीच्या कराराचे होते, पण तत्त्व व्यापक होते : दोन्ही बाजूंच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक असताना दुबळ्या बाजूवर लादलेली अन्याय्य अट न्यायालय अमलात आणणार नाही. नियामकाने ज्याला मनाई केली, ते विद्यार्थ्याची सही घेऊन कायदेशीर होत नाही.

याच सहीच्या जोडीला मूळ कागदपत्रे ठेवून घेण्याची रीत आहे. टीसी, दहावी-बारावीच्या मार्कशीट, जातीचा दाखला, सगळे एका पाकिटात घालून कपाटात ठेवले जाते. मुलगा प्रवेश रद्द करायला गेला की उत्तर मिळते, 'उरलेल्या वर्षांचे शुल्क भरा, मग कागद न्या.' विद्यार्थ्याचा दाखला ही संस्थेकडे गहाण ठेवलेली वस्तू नाही. मूळ प्रमाणपत्रे विद्यार्थ्यासमोर पडताळून तिथल्या तिथे परत द्यावीत, असे २०१८ ची अधिसूचना सांगते. दाखल्यावाचून मुलाचा दुसरा प्रवेश हुकतो. पैसे उशिरा का होईना भरून निघतात, गेलेले वर्ष भरून निघत नाही. म्हणून या सगळ्या गैरप्रकारांत हा मला सर्वांत निर्दय वाटतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. 'सरकार अनुदान देत नाही, शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर देत नाही. प्राध्यापकांचे पगार आम्ही कशातून करायचे?' यातली तक्रार खरी आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत मिळाली. निर्णय थोर आहे. पण सवलतीची रक्कम महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून संस्थेला उशिरा मिळाली, तर ती पोकळी कुणीतरी भरून काढावी लागते. ती मुलीने भरावी असे मात्र होता कामा नये. 'आधी पूर्ण भरा, सरकारचे आले की परत देऊ' असे सांगणारी संस्था सरकारकडची आपली थकबाकी मुलीच्या बापाकडून उसनी घेत असते. थकबाकीसाठी संस्थांनी मंत्रालयात जावे, न्यायालयात जावे. पालक त्यांच्यासोबत उभे राहतील. हॉल तिकीट अडवून मुलीला वेठीस धरणे हा त्या भांडणाचा मार्ग नव्हे. सरकारनेही समजून घ्यावे, की घोषणा आजची आणि पैसे पुढच्या वर्षीचे असतील, तर ती सवलत राहत नाही, मुलीच्या डोक्यावरची टांगती तलवार होते.

चौथा आक्षेप तत्त्वाचा असतो. 'आम्ही खासगी संस्था आहोत. शुल्क आकारण्याचे स्वातंत्र्य न्यायालयानेच दिले आहे.' टी. एम. ए. पै खटल्याचा २००२ सालचा अकरा न्यायमूर्तींचा निकाल यासाठी पुढे केला जातो. तो निकाल पूर्ण वाचावा. विनाअनुदानित संस्थांना स्वायत्तता आणि विस्तारासाठी वाजवी शिल्लक ठेवण्याची मोकळीक त्याने दिली, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन शुल्क निषिद्धच ठरवले. २००५ च्या इनामदार खटल्यात, जो महाराष्ट्रातूनच गेला होता, सात न्यायमूर्तींनी हे बजावून सांगितले. त्याच पायावर राज्यात २०१५ चा कायदा आला आणि शुल्क नियामक प्राधिकरण स्थापन झाले. संस्थेच्या खर्चाचा हिशेब पाहून शुल्क ठरते. म्हणजे शुल्क ही शिक्षणाच्या खर्चाची भरपाई आहे. जे शिक्षण दिलेच नाही, त्याचा खर्च कोणता आणि भरपाई कसली?

यातली एक विसंगती तर उघड आहे. शुल्क घेताना संस्था खासगी स्वातंत्र्याचा दाखला देतात. परतावा मिळाला नाही म्हणून विद्यार्थी ग्राहक मंचाकडे गेला, की त्याच संस्था म्हणतात, शिक्षण ही विक्रीची सेवा नाही, हा ग्राहक नाही. जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने शैक्षणिक संस्था ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचे म्हटले आणि कोचिंग क्लास मात्र कक्षेत ठेवले. प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. पण राष्ट्रीय आयोगाच्या त्या निर्णयानुसार क्लासवाल्याकडून पैसे परत मागायला जो दरवाजा उघडा आहे, तोच महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला बंद. शिक्षण व्यापार नाही, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण मग ते वागण्यात दिसले पाहिजे. व्यापारी न घेतलेल्या मालाचे पैसे ठेवत नाही. जो स्वतःला व्यापाऱ्याहून वरचा मानतो, त्याने तर ते मुळीच ठेवू नयेत.

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्या निर्णयाचा चांगला भाग मी विसरत नाही. देणग्या भरून कर्नाटकात जाणारी मुले आपल्या जिल्ह्यात शिकू लागली, शेतकऱ्यांच्या घरांत पहिले इंजिनिअर झाले. पण चारच वर्षांत, १९८७ साली, कॅपिटेशन शुल्काला बंदी घालणारा कायदा करावा लागला, हेही त्याच इतिहासात आहे. त्याआधीचा आपला वारसा निराळा होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज. फी भरता येत नाही म्हणून मुलगा दारातून परत जाऊ नये, यासाठी त्यांनी 'कमवा आणि शिका'चा मार्ग दाखवला. पैसे नाहीत तर श्रम दे, पण शीक, असे सांगणारी ती संस्था होती. तिच्याच प्रदेशात 'शिकला नाहीस तरी पैसे ठेवून घेऊ' असे छापले जावे, याची लाज आपण सर्वांनी बाळगावी.

फुकट शिक्षण द्या, अशी माझी मागणी नाही. सत्र निम्मे उलटल्यावर जाणाऱ्याला पूर्ण रक्कम मिळावी, असेही मी म्हणत नाही. २०१८ चे टप्पे दोन्ही बाजूंना न्याय देणारे आहेत. माझे म्हणणे असे की हे टप्पे पावतीवरच छापले जावेत, त्या जुन्या ओळीच्या जागी. शुल्क सत्रागणिक आणि हप्त्यांनी घेतले जावे. शिक्षण शुल्क, विकास शुल्क, अनामत, वसतिगृह हे वेगवेगळे दाखवले जावे. प्रवेश ऑनलाइन रद्द होताच परताव्याचा हिशेब आपोआप सुरू व्हावा आणि पंधरा दिवस उलटले की संस्थेला व्याज लागू व्हावे. सरकारकडून येणाऱ्या सवलतीच्या रकमेलाही तोच व्याजाचा नियम असावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार नेमायच्या लोकपालाचे नाव आणि पत्ता लेखा विभागाच्या खिडकीवर लावला जावा, म्हणजे हात जोडणाऱ्या बापाला दुसरी खिडकी दिसेल.

तोवर पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी एवढे करावे. मूळ कागद कुणाच्या ताब्यात देऊ नयेत. प्रवेश तोंडी रद्द करू नये; तारखेसह लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोहोच घ्यावी, कारण परताव्याचे सगळे टप्पे त्या तारखेवरून मोजले जातात. पंधराव्या दिवशी पैसे आले नाहीत, तर सोळाव्या दिवशी तक्रार करावी. आणि लेखा विभागाच्या खिडकीपाशी उभे राहताना मान खाली घालू नये. ते पैसे मागायला आलेले नाहीत, आपले पैसे घ्यायला आलेले आहेत.