महाग धुलाई आणि उघडा गल्ला

जास्त दर लावणाऱ्याचा गल्ला उघडा सापडला तर त्यात हात घालावा काय? प्रश्न अमेरिकेतला आहे, पण आमच्या व्यापारी बांधवांनाही तो परका नाही.

तेथील वसतिगृहांत व भाड्याच्या इमारतींत कपडे धुण्याची सामाईक यंत्रे असतात. कंपनी इमारतमालकाशी करार करून ती बसवते. पुष्कळदा मालकाला उत्पन्नात हिस्सा मिळतो. दर वाढले की भाडेकरूने गाठोडे घेऊन बाहेर जावे, नाहीतर मुकाट्याने भरावे. सीएससी सर्व्हिसवर्क्स ही या धंद्यातली बडी कंपनी. तिची यंत्रे दहा लाखांवर, त्यांतली पुष्कळ मोबाइल ॲपवर चालतात. २०२४ च्या जानेवारीत सांताक्रूझच्या विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांना आढळले की तपासणी ग्राहकाच्या फोनवरच होते आणि कंपनीचा सर्व्हर ती खरी मानतो. म्हणजे गिऱ्हाइकाने ‘पैसे दिले’ म्हणावे आणि मुनीमजींनी गल्ला न पाहता माल बांधावा! खात्यावर कित्येक दशलक्ष डॉलरची खोटी शिल्लकही त्यांना दाखवता आली. त्यांनी कंपनीला कळवले, फोन केला, उत्तर नाही. मे महिन्यात बातमी छापून आली तोवर कंपनीने ती शिल्लक तेवढी पुसली होती, दोष तसाच होता. आभार मानायला तिला नंतर सुचले.

‘ते लुटतात, मग आम्ही फुकट धुतले तर काय बिघडले?’ असे म्हणणारे भेटतात. आम्हाला हे पटत नाही. मदिन्यात भाव चढले तेव्हा प्रेषितांनी (स.) भाव बांधून देण्यास नकार दिला होता. महाग माल महाग असतो, बेवारस नसतो. यंत्राने पैसे गिळून कपडे धुतलेच नाहीत, तर ती रक्कम मागणे हा हक्क आहे. पण धुऊन घेऊन पैसे बुडवणे ही वेगळी गोष्ट. दर जाचक असतील तर भाडेकरूंनी मिळून इमारतमालकाला गाठावे, करार त्याच्या हाती आहे. अर्थात, शेजारी ‘कडी लावा’ म्हणून हाका मारत असता झोपून राहणाऱ्या दुकानदाराची कीव आम्हाला येत नाही.

आणि आमची दुकाने? पैसे भरल्याचा खोटा पडदा दाखवणारी ॲप्स येथेही निघाली आहेत. गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी खूण पाहून माल देऊ नका. रक्कम आपल्या खात्यात जमा झाल्याचे आपल्याच फोनवर पाहा, गर्दीच्या वेळी तर नक्कीच.