घरचीच ना गं तू!

मंडळी, माझी भाची बडोद्यात तबला घेऊन एमपीए झाली आणि मागच्या महिन्यात एका शाळेत संगीत शिक्षिका म्हणून लागली. पहिल्या पगारातून तिनं आजीला नऊवारी आणली. आजीलाच, कारण लहानपणी क्लासची फी तिच्या पेन्शनमधून जायची. 'पोरीला तबला कशाला?' हेही आजीनंच ऐकून घेतलं.

मी फोटो टाकला. नातेवाईकांच्या ग्रुपवर चार अंगठे! त्याच दिवशी एका जावयाला कॅनडाचं पीआर मिळालं, तर रात्रीपर्यंत अभिनंदन चालूच. आनंद आहेच हो त्याचा. पण सयाजीराव महाराजांनी 1886 साली गायनशाळा काढली, मौलाबक्षांना नेमलं, हे पाहुण्यांना सांगताना छाती फुगते ना तुमची? त्याच संस्थेत शिकली ही.

आणि गणपती आले की हिलाच फोन. 'आरतीनंतर तासभर वाजव.' मानधन विचारलं की 'घरचीच ना गं तू!' मांडववाला, केटरर यांना बरं कुणी घरचं म्हणत नाही.

यंदा मीच तिला सांगितलंय, पैसे ठरल्याशिवाय तबल्याची गवसणी काढायची नाही. रुसायचं त्यांनी खुशाल रुसावं.