कोंबड्यांची कोशिंबीर

बालमित्रांनो, नवरात्रात घट बसतात तेव्हाची गंमत तुम्ही पाहिली असेलच. घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरतात आणि नऊ दिवसांत केवढे लांब कोंब येतात! असंच इवलंसं रान परसातल्या कोंबड्यांसाठी उगवता येतं, आणि तेही मातीशिवाय. उन्हाळ्यात अंगणात गवताची काडी उरत नाही, तेव्हा तर कोंबड्या या हिरव्या खाऊवर तुटून पडतात. चला तर मग, करून पाहू या.

साहित्य : १०० ग्रॅम गहू, एक रोवळी किंवा तळाला भोकं असलेलं ताट, ओलं सुती फडकं, स्वच्छ पाणी आणि घरातला तराजू.

कृती : गहू निवडून, धुऊन रात्रभर भिजत घाला. सकाळी पाणी निथळून रोवळीत पातळ थर पसरा. थर बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा जाड नको. वर ओलं फडकं झाका. रोज दोन-तीन वेळा पाणी शिंपडा आणि ते पूर्ण निथळू द्या. पाणी साचलं की दाणे कुजलेच म्हणून समजा. मोड आले की फडकं काढा आणि रोवळी उजेडात, पण सावलीत ठेवा. अंधारातले पिवळे कोंब उजेडात हिरवे होतात, कारण हरितद्रव्य तयार व्हायला उजेड लागतो. सातव्या दिवशी छान गालिचा तयार! तो कापून, मुळांचा गुंता मोकळा करून द्या. कोंबडीला दात नसतात ना! लांब मुळांचा गोळा तिच्या गळ्याखालच्या पिशवीत अडकू शकतो.

आता तीन गोष्टी नीट लक्षात ठेवा. कोंबड्यांच्या जिवाचा प्रश्न आहे, बरं का!

पहिली : पेरणीसाठी विकत आणलेलं, रंगीत औषध चोळलेलं बियाणं मुळीच वापरू नका. ते विषारी असतं. घरात खायला आणलेलं धान्यच घ्या.

दुसरी : गहू, मका, बाजरी चालेल, पण ज्वारी नको. कोवळ्या ज्वारीत विष तयार करणारं द्रव्य असतं. ती खाऊन गुरांना ‘किराळ लागते’, हे तुमच्या आजोबांना ठाऊक असेल.

तिसरी : बुरशी. मुळांवर पांढरी लव दिसली तर लगेच घाबरू नका. मुळांचे केस प्रत्येक मुळाभोवती सारखे असतात आणि पाणी शिंपडलं की दिसेनासे होतात. बुरशी मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखी दाण्यांवरून पसरते, राखाडी-काळी पडते आणि कुबट वास मारते. शंका आली, तरी सगळं खड्ड्यात पुरून टाका. धुऊन देऊ, असं म्हणू नका. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेतल्यावर कळलं, की त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीला बुरशी लागली होती. त्या बुरशीच्या विषाला पुढे ‘अफ्लाटॉक्सिन’ हे नाव मिळालं.

आता एक कोडं! सातव्या दिवशी गालिचा तोला. १०० ग्रॅम गव्हाचे चारशे-पाचशे ग्रॅम झालेले दिसतील. म्हणजे अन्न पाचपट झालं? मग कोंबड्यांना दाणे कशाला घालायचे?

थांबा! दुसऱ्या १०० ग्रॅम गव्हाचा गालिचा उन्हात कडकडीत वाळवा आणि पुन्हा तोला. काटा शंभराच्याही खाली येईल! वाढलेलं वजन होतं ते पाण्याचं. शिवाय कोंबही श्वास घेतात. त्यासाठी दाण्यातलं पीठ खर्च होतं, आणि इवल्या पानांना सात दिवसांत ती भर काढता येत नाही.

मग एवढा खटाटोप का? कारण हिरव्या पानांत असं द्रव्य असतं, ज्यापासून कोंबडीचं शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं. अंड्याचा बलकही छान पिवळाधमक होतो. पण तुम्ही नुसत्या कोशिंबिरीवर दिवस काढाल का? भाकरी हवीच ना! तसंच कोंबडीचं. मोठ्या कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य लागतं. दाणे, थोडी चांगली पेंड, किडामुंगी, कवचासाठी शिंपल्यांचा चुरा आणि भरपूर पाणी. त्याच्या जोडीला मूठभर हिरवा चारा. चाऱ्यावरच ठेवलं, तर ती रोडावेल आणि अंडी देणं बंद करेल.

आईबाबांना एक विनंती : तराजू आणि वही मुलांच्या हाती द्या, पण बुरशीची तपासणी रोज त्यांच्यासोबत करा. आणि कोंबड्यांना हात लावल्यावर साबणानं हात धुतले की नाही, तेही पाहा.

घरी कोंबड्या नसतील तरी कोडं सोडवायला काय हरकत आहे? गव्हाऐवजी बाजरी घ्या, रोजचं वजन वहीत मांडा आणि पाहा, पाणी कोण जास्त पितं!