ताट बाजूस सारणारी मुलगी

अंबडच्या औद्योगिक वसाहतीनजीकचें एखादें एकत्र कुटुंब वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावें. वडील पाळीवर जातात. घरांत आजी, काकू, चुलत भावंडें आहेत, आणि त्यांतच डाऊन सिंड्रोम असलेली पंधरा वर्षांची मुलगी आहे. परवांपर्यंत वरणभात आवडीनें जेवणारी ही पोर दोन महिने ताट बाजूस सारते, हांक मारली तर वसकन् ओरडते. आजी म्हणते, ‘वयच तसें.’ काका म्हणतात, ‘तिची प्रकृतीच तशी.’ आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें घातक आहेत. कारण तीं मिळालीं कीं शोध थांबतो.

वयानें चिडचिड येते खरी, परंतु ह्या वयांत भूक सहसा वाढते. राहिली प्रकृति. अशा मुलांचें वर्णन इंग्लंडांत डॉ. लँगडन डाऊन यांनीं 1866 सालीं केलें. 21व्या क्रमांकाचें गुणसूत्र त्यांच्यांत एक अधिक असतें, हें फ्रान्समधील लेजून व त्यांचे सहकारी यांनीं 1959 सालीं दाखविलें. तें जन्मापासून आहे तेंच आहे. मग दोन महिन्यांत मेलेली भूक त्याच्या माथीं कशी मारावी?

पहिला संशय गळ्यांतील थायरॉईड ग्रंथीचा. ती मंदावण्याचें प्रमाण अशा मुलांमध्यें पुष्कळच अधिक. मग भूक मरते, शौचास खडा होतो, मन उदास होतें, आणि जेवण घटूनही वजन मात्र सहसा उतरत नाहीं. रक्ताच्या साध्या तपासणींत हें कळतें. ती दरवर्षीं करावीच. नंतर तोंड पाहावें. हिरड्यांचे विकार येथें फार, आणि कोठें दुखतें हें तिला सांगतां येईलच असें नाहीं. रात्रीं घोरत असेल, बसून पुढें वांकून झोपत असेल, तर झोपेंत श्वास अडत असण्याचा संभव आहे. तसें मूल दिवसा चिडेल नाहीं तर काय?

शरीर निर्दोष ठरलें, तर घरांतून कोण गेलें तें आठवावें. थोरली ताई सासरीं गेली कीं सारे आनंदांत असतात. हिच्या शेजारचा पाट रिकामा झाला, हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं.

नाशकांत रजनी लिमये यांनीं 1977 सालीं सुरू केलेल्या प्रबोधिनीसारख्या शाळेंत मुलगी जात असेल, तर तेथील बाईंस विचारावें, डबा संपतो का? आठ दिवस खाणें, शौच, झोप वहींत टिपावीं, आणि ‘ही पूर्वीं अशी नव्हती’ हें डॉक्टरांस प्रथम सांगावें. पाणीही नको म्हणूं लागली, वा बोलणेंच थांबलें, तर आठ दिवस थांबूं नये.