कंट्रोलचं धान्य गेलं, मागोमाग डाळ गेली



गेल्या महिन्यात आपल्यातलीच एक बाई पासबुक घेऊन तालुक्याला गेली. चार महिने रेशनच्या धान्याऐवजी मिळणारे पैसे जमा झाले नव्हते. टेबलामागून उत्तर आलं, "येतील तेव्हा येतील. तोवर उपाशी आहात का?" उपाशी नव्हती ती. त्या दिवशी घरात पोळी होती, ठेचा होता. डाळ मात्र तीन आठवडे शिजली नव्हती. पोट भरलं म्हणजे जेवण झालं असं मानणाऱ्यांना उत्तर म्हणून हे पत्रक काढलं आहे.

मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून कंट्रोलमध्ये, म्हणजे रेशन दुकानात, महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळायचं. गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये. पाच माणसांच्या घरात साठ रुपयांच्या आतबाहेर २५ किलो यायचं. २०२२ मध्ये केंद्राकडून या योजनेचं धान्य थांबलं. २०२३ पासून त्याऐवजी महिन्याला माणशी १५० रुपये खात्यात टाकायचं ठरलं, पुढच्या वर्षी त्याचे १७० झाले. अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत आपण नाही, त्यामुळे कायद्याचा आधारही नाही. हे सगळं तुम्ही भोगलेलं आहे, मी नव्याने काय सांगणार? मला बोलायचं आहे ते एकाच रीतीवर. धान्य काढून घ्यायचं, त्याजागी ठोक आकडा ठेवायचा, तो कोणत्या तारखेला येईल ते सांगायचं नाही, आणि बाजार कुठेही गेला तरी आकडा त्याप्रमाणे हलवायचा नाही.

शांतपणे हिशेब करू. पाच माणसांचे महिन्याचे ८५० रुपये. २० किलो साधा गहू पस्तीसने धरा, ५ किलो तांदूळ पंचेचाळीसने धरा. झाले ९२५. कागदावर पंच्याहत्तर रुपयांचाच खड्डा दिसतो, आणि तेवढ्यावर कागदवाले खूश असतात. पण गहू महिन्याच्या सुरुवातीला लागतो आणि पैसे तीन-तीन, चार-चार महिने येत नाहीत. तोवर ते ९२५ कुठून येतात? ज्या पैशांतून डाळ, भाजी, दूध, अंडी यायची त्याच पैशांतून. पूर्वी कंट्रोलची पिशवी घरात पडली की बाजाराच्या दिवशी हात मोकळा असायचा. मेथीची जुडी घेता यायची, पोराला एखादं केळं घेता यायचं. आता बाजाराचे पैसे आधी गव्हात जातात.

आणि घरातली बाई काय काय काटते, हेही नीट पाहा. पहिलं फळ जातं. मग दूध चहापुरतं उरतं. मग पालेभाजी आठवड्यातून एकदा. मग वरणात पाणी वाढतं, आणि शेवटी वरणच जातं. मीठ, मिरची, तेल आणि पीठ काटता येत नाही, म्हणून तेवढंच राहतं. हे काटणं कुठल्याच सरकारी तक्त्यात दिसत नाही, कारण चूल रोज पेटते.

मग एके दिवशी चार महिन्यांचे पैसे एकदम जमा होतात आणि सांगितलं जातं, "मिळाले ना?" ते पैसे सरळ किराणा दुकानाच्या उधारीत जातात. चार महिन्यांची न खाल्लेली पालेभाजी एका दिवशी खाता येत नाही. वाढत्या पोराला मागच्या तारखेने डाळ खाऊ घालता येत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतलं नमुन्याचं ताट घ्या. त्यात दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, अंडी किंवा मांस आणि ४०० ग्रॅम भाज्या आहेत. ते ८५ ग्रॅम नुसत्या डाळीने भरायचे तर पाच जणांना महिन्याला पावणेतेरा किलो डाळ लागेल. शंभर रुपये किलोने मिळाली तरी पावणेतेराशे रुपये झाले, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तूरडाळ दीडशेच्या पुढे होती. सगळ्या घराचे गहू-तांदळाचे पैसे एका डाळीला पुरत नाहीत. याच महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी निघालं. आणि जानेवारी २०२५ मध्ये शाळेतल्या आठवड्याच्या एका अंड्याचा निधी काढून घेतला, अंडं लोकवर्गणीतून द्या म्हणाले. म्हणजे अंडंही आपणच द्यायचं.

आता आक्षेप. "रोख दिली की हे लोक उडवतात." ही रक्कम घरातल्या कर्त्या बाईच्या खात्यात जाते. माणशी दिवसाला पावणेसहा रुपयेसुद्धा पडत नाहीत. एवढ्यात उडवायला काय येतं, ते बोलणाऱ्याने एकदा बाजारात उभं राहून दाखवावं. पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा येतो, तो पोराच्या हातात दिसला की लगेच उपदेश सुरू होतो. त्या पाच रुपयांत पोराची भूक भागेल असं बाजारात दुसरं काय मिळतं, हे मात्र उपदेश करणारा सांगत नाही.

"शेतकरी आहात, पिकवून खा." यवतमाळला, लातूरला तूर पिकते, अगदी खरं. ती काढणी होताच देणं फेडायला आडतीवर जाते आणि पावसाळ्यात डाळ होऊन दुप्पट भावाने आपल्याच दारात येते. कापूस आणि सोयाबीन ताटात वाढता येत नाही.

"लाडकी बहीण योजनेचे दीड हजार मिळतात ना?" ते धान्याच्या बदल्यात दिले असतील तर तसं लेखी द्या. नसतील तर एका खिशातलं दाखवून दुसऱ्या खिशात हात घालू नका.

सरकारने पोषणाचं खाणं देणं नवं नाही. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडणाऱ्यांना सुकडी मिळायची, हे आपल्या म्हाताऱ्या अजून सांगतात. तामिळनाडूत २००७ पासून रेशन दुकानात डाळ आणि तेल स्वस्तात देतात; तूरडाळ ३० रुपये किलोने आणि पामतेल २५ रुपये लिटरने मिळतं. तिथे जमतं ते इथे का जमू नये?

आपलं मागणं साधं आहे. धान्य परत द्या आणि त्यासोबत माणशी एक किलो तूरडाळ द्या. ते होईपर्यंत रक्कम दर तीन महिन्यांनी बाजारभावाप्रमाणे ठरवा आणि दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत जमा करा.

येत्या ग्रामसभेला प्रत्येक केशरी कार्डवाल्या घरातून एक बाई यावी. सोबत पासबुक आणावं आणि शेवटची रक्कम कधी जमा झाली ती तारीख मोठ्याने वाचून इतिवृत्तात लिहून घ्यायला लावावी. लिहून झाल्याशिवाय सभा सोडू नका.